सुकलूचा सायलेन्सर

मोटार कधीची मोडीत गेली, तिचे किस्से मात्र वाढतच चाललेत. एक सांगायला बसलो की दुसरा आठवतो. तिरोडा-गोंदिया सवारी वाहायचो मी. त्यातला महायुद्धाच्या काळातला हा एकच आठवडा घ्या!

माझा सायलेन्सर सडून फुटला. मोटार तोफेसारखी वाजायची. पोलीस साहेबांनी परवाना काढून घेतला. "आठ दिवसांत आवाज बंद कर. नाहीतर मोटार कायमची बंद!"

नागपूरचा दुकानदार म्हणाला, "माल नाही. लढाई संपल्यावर या."

फुलचूरचा सुकलू माझा दोस्त. टिनाच्या बादल्या, कंदील सांधायचा. तो उखडला. "लढाईची वाट कायले पाहू? घरीच करू!"

•

मोटारीखाली शिरायला जॅक नव्हता. आम्ही आंगणात खड्डा खणायला घेतला. बायको दारात आली.

"काऊन जी, कोणाले पुरून राहिले?"

सुकलू खालूनच ओरडला, "साहेबाच्या हुकुमाले, वहिनी!"

•

जुने नट गंजून बसलेले. सुकलू हातोडा उगारायचा, मी त्याचा हात धरायचो. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब घासलेट सोडायचं आणि बिडी ओढत बसायचं, एवढंच माझं काम.

सुकलू वैतागायचा, "अबे, तू नट काढून राहिला का नटाची पूजा करून राहिला?"

चौथ्या दिवशी नट बोटांनी फिरला. सुकलूनं हातोडा खाली ठेवून नटाला हात जोडले!

•

सुकलूनं पत्र्याचा नवा सायलेन्सर वळला आणि त्याला बादलीसारखा कथलाचा सांधा मारला. चकचकीत! मोटार चालू केली. तापलेल्या धुरानं कथील वितळलं आणि सायलेन्सर धाडकन खड्ड्यात.

"माझ्या बादलीचा सांधा आजवर सुटला नाही!" सुकलू रागावला.

मी म्हटलं, "बादली कधी आग ओकते का रे?"

मग जाड पत्रा घेऊन कथलाऐवजी लोखंडी खिळ्यांचे रिपीट ठोकले.

•

आवाज मरावा म्हणून आत धानाचा कोंडा ठासला. तोही पेटला. आंगणभर धूर! बायको घागर घेऊन धावली.

"पाणी नको वहिनी, धान आना! मुरमुरे होतील!"

शेवटी कोंडा काढून आत भोकं पाडलेली नळी बसवली. तेव्हा कुठं जमलं.

•

आठव्या दिवशी साहेब आपल्या मोटारीनं दारात आले. तिचं इंजन घरघरत ठेवून, आत बसूनच म्हणाले, "हं, चालू कर."

"चालूच आहे, साहेब."

"खोटं बोलतोस? मला तर काही ऐकू येत नाही!"

"तुमची बंद करा," मी हळूच म्हटलं, "मग ऐकू येईल."

साहेब लाल झाले. पण अख्खा मोहल्ला जमलेला. त्यांनी ड्रायव्हरला हात केला. घरघर थांबली. माझी मोटार आपली फुरफुरत होती, शेजारच्या घरी जातं फिरावं तशी. साहेबांनी परवाना माझ्या हाती दिला.

निघायला गेले, तर त्यांची मोटार चालूच होईना! ड्रायव्हर हँडल मारून मारून घामाघूम.

सुकलू हात पुसत पुढे झाला.

"बसून राहा साहेब, आम्ही ढकलतो. आवाज नाही होणार!"