अधिक महिन्यातला सेल्समन

कारभारीभाऊंशी बोलणं म्हणजे डोक्याला ताप. मी काही विचारलं तरी "व्हय ताई", मालक काही बोलले तरी "व्हय शेठ". इतकं कमी बोलून हा माणूस लोखंडी कपाटं विकतो कसा, देव जाणे. पण फुलंब्रीकडं लग्न ठरलं की लोक आधी त्यांनाच फोन लावतात.

आमचं संभाजीनगरात होलसेल दुकान आहे, तिथला कॉम्प्युटर मी सांभाळते. यंदा मालकांना, बन्सीशेठना, खूळ लागलं. म्हणे सगळी विक्री चारही अंगांनी बघायची: कोणता माल, कोणतं गाव, कोणता महिना, कोणता माणूस. ह्याला डायमेन्शन म्हणतात, हे ते भाच्याकडून ऐकून आले होते. मान मोडेस्तोवर बसून मी जुनी सगळी बिलं त्यात बसवली. आणि शेठनी त्यातनं काढलं काय, तर मे-जूनमध्ये फुलंब्री आपटली, खुलताबाद जागेवर. फुलंब्रीची लाइन कारभारीभाऊंकडं, खुलताबादची निजामुद्दीनकडं; दोन्ही आता एकाच माणसाला द्यायच्या होत्या.

"निजामुद्दीन राहील," शेठ म्हणाले. "कारभारी, तू दुसरीकडं बघ."

"व्हय शेठ," कारभारीभाऊ म्हणाले आणि गोदामात निघून गेले.

माझं टाळकंच सरकलं. अहो, यंदा अधिक ज्येष्ठ होता. महिनाभर लग्नं बंद, मग कपाट घेणार कोण? निजामुद्दीनचं गिऱ्हाईक बहुतेक मुसलमान, त्यांना अधिक महिन्याशी काय देणंघेणं? ह्याच शेठनी त्या महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घातलं, वर चांदीचं ताट दिलं, आणि दुकानात येऊन विचारतात फुलंब्री का पडली. कॉम्प्युटरला नाय कळत, पण ह्यांना तरी कळावं.

मग मीच पंचांग घेऊन बसले. लग्नतिथी हे पाचवं अंग घातलं. अधिक महिना बाजूला काढून तिथीला तिथी लावून बघितलं, तर कारभारीभाऊ निजामुद्दीनच्या कितीतरी पुढं. शेठनी आकडे बघितले, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "मग कारभारीच राहू दे."

मी तशीच खाली गोदामात गेले.

"तुम्हीच राहणार आहात," मी सांगितलं. "पण तुम्हाला अधिक महिना माहीत नव्हता का? तोंड उघडलं असतं तर माझी मरमर वाचली असती."

"माहीत व्हता की," ते म्हणाले. "पण मी बोललो असतो तर निजाम गेला असता. माझी पोरं कमावती हायेत, ताई. त्याची अजून शाळंत हायेत."

मला त्यांचा इतका राग आला की रडूच फुटलं. वरनं शेठचा आवाज येत होता. ते फोनवर निजामुद्दीनला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगत होते.