माझा एमएस आणि आमचं क्वालिटी डिपार्टमेंट

आजारी एक माणूस पडतो, पण किस्से अख्ख्या डिपार्टमेंटचे जमा होतात! चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, "वैशालीताई, तो अमुक किस्सा सांगा ना," आणि तो सांगून होईपर्यंत दुसरा घडलेला असतो.

मी चाकणला एका कंपनीत ब्रेकचे पार्ट तपासते. सहा वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस, निघाला. म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवरचं आवरण कुरतडते. डॉक्टर म्हणाले, "हा जात नाही, सांभाळायचा." मी सांभाळतेय. फक्त आमच्या डिपार्टमेंटच्या शेलार साहेबांना एकच घोर लागलेला, "मॅडमना तपासणीच्या बेंचवर झेपेल ना?" आणि मला घोर हा, की एक दिवस हे मला बेंचवरून उठवणार.

*

लाइनचे सुपरवायझर नानाभाऊ इथल्याच गावचे. त्यांना आजार समजावताना मी म्हटलं, "नाना, वायरवरचं प्लास्टिक निघालं की करंट नीट जात नाही ना, तसंच."

नाना गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर काळ्या इन्सुलेशन टेपची तीन बंडलं!

"चांगल्यातली हाय," नाना म्हणाले. "डाक्टरला म्हनावं, लागंल तेवढी वापर, स्टोअरमधी लई पडलीया."

*

आमच्याकडे काहीही बिघडलं की 'पाच का'चा फॉर्म भरायचा असतो. एकामागोमाग पाच वेळा 'का?' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. एकदा मला बेंचवर चक्कर आली. साहेबांनी फॉर्म भरायला लावला.

चक्कर का आली? तोल गेला. तोल का गेला? मेंदूचा निरोप उशिरा पोचला. का? नसांवरचं आवरण गेलं. का गेलं? प्रतिकारशक्तीने खाल्लं. तिने का खाल्लं? मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'अजून जगात कोणालाही माहीत नाही.'

साहेबांनी फॉर्म परत पाठवला. वर लाल पेनाने शेरा, 'मूळ कारण नाही. पुन्हा सबमिट करा.'

मी तो आकुर्डीला माझ्या न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाले, "तुमच्या साहेबांना सांगा, आमचाही इथेच अडकलाय!"

*

थकवा आला की माझी चाल बिघडते. पाय एकीकडे, मी दुसरीकडे. गेटवर नवीन सिक्युरिटीवाला आला होता. दारू प्यायलेल्यांना पकडायचं मशीन त्याच्याकडे नवंकोरं. त्याने मला अडवलं.

"फुंका मॅडम."

फुंकलं. शून्य. पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा शून्य. त्याने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जवळ येऊन हळूच विचारलं, "मॅडम, मशीनमध्ये येत नाही असा कुठला ब्रँड आहे?"

तेव्हा सगळ्यांबरोबर मीही हसले. घरी जाताना मात्र, पिंपळे गुरव येईपर्यंत, बसच्या खिडकीकडे तोंड करून रडले. लोकांना आपण तसे दिसतो, याचं वाईट वाटतंच. दुसऱ्या दिवशी त्याला आजार सांगितला. तेव्हापासून तो मला सॅल्यूट ठोकतो आणि माझ्यामागच्या माणसाला दोनदा फुंकायला लावतो.

*

उन्हाळ्यात मला फार जपावं लागतं. अंग तापलं की डोळ्यांसमोर धुरकट होतं. म्हणून मी बर्फाच्या पिशव्या घालायचं एक जॅकेट घेतलं. ते कॅन्टीनच्या फ्रीजरमध्ये ठेवते आणि दुपारी तासभर घालते.

मे महिन्यात एक दिवस जॅकेट गायब! माझ्या शेजारच्या बेंचवरची शबाना अख्खा प्लांट फिरली. शेवटी भट्टीच्या विभागात नाना सापडले. अंगात माझं जॅकेट, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर परमसुख.

"नाना!"

नाना दचकले, पण हार मानतील तर ते नाना कसले! "ट्रायल घेत व्हतो ताई. पीस ओके हाय."

*

आता यंदाचा.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाजात साखर. "मॅडम, गेटवर पास लिहायचं काम आहे. बसून करायचं. हलकं काम. एसीसुद्धा आहे."

माझं डोकंच फिरलं. चौदा वर्षं या हातांनी पीस तपासलेत. दोन बोटं बधिर असतात, कबूल, पण म्हणून मी तिसऱ्या बोटाने पकडायला शिकले. मी म्हटलं, "सर, आपल्याकडे अंदाजावर कुठला पीस काढून टाकतात का? मोजा. मग काढा."

मोजायची पद्धत ठरलेली आहे. दहा पीस, तीन माणसं, प्रत्येकाने प्रत्येक पीस तीनदा मोजायचा, नंबर झाकून. एकाच पिसाचं माप दर वेळी सारखंच आलं पाहिजे. मी सकाळी आठची वेळ मागून घेतली, कारण सकाळी माझ्या अंगात जीव असतो. एक मी, एक शबाना. तिसरे साहेब स्वतःच बसले. "मी बारा वर्षं क्वालिटीत काढलीत," बाह्या सरसावत म्हणाले.

अख्खं डिपार्टमेंट जमलं. नानांनी आकडे कॉम्प्युटरवर टाकले. मापं जुळली तर हिरवं, नाहीतर लाल.

शबाना, हिरवं. मी, हिरवं!

साहेब, लाल.

साहेबांनी चष्मा पुसला. "मायक्रोमीटर खराब आहे. दुसरा आणा."

दुसरा आणला. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. हिरवं, हिरवं, लाल.

नाना उठले. खुर्ची ओढून साहेबांच्या मागे ठेवली, त्यांच्या खांद्यावर अलगद हात ठेवला.

"बसा साहेब. मनाला लावून घ्यायचं न्हाई. गेटवर एसी हाय."