नाव न घ्यायचं औषध

चहा संपवा आधी. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या जोश्याच्या नाकातून चहा आला होता. फजिती माझी, आणि शर्ट खराब त्याचा!

तर बघा, मी कराडात पस्तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलेला माणूस. डॉक्टरांची अक्षरं लागतात मला, आणखी काय पाहिजे? आणि असला मी कुंभकोणमच्या भर बाजारात सख्ख्या विहिणीला अफूवाली ठरवून बसलो!

आमची मंजिरी तिकडे दिलीय. मंडळी मराठीच. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे गेले ते तिथलेच झाले. घरात विठ्ठल, उंबऱ्याबाहेर तमिळ. आता पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी करणार कोण? मंजिरीची आई जाऊन चार वर्षं झाली. विहीणबाई त्यांच्या त्या जुन्या वळणाच्या मराठीत फोनवर एवढंच म्हणाल्या, "व्याही, ती माझीच लेक. तुम्ही चिंता करूं नका."

आणि केलं हो बाईंनी! डिंकाचे लाडूसुद्धा मला फोनवर विचारून विचारून केले. मला काय कळतंय लाडवातलं? मी शेजारणीला विचारायचो आणि मोठ्या ऐटीत पुढे सांगायचो.

नातू तीन आठवड्यांचा झाल्यावर मी गेलो. दिवसभर अगदी गुणी बाळ. पण दिवे लागले रे लागले की जो टाहो फोडायचा, तो पाय पोटाशी घेऊन लालेलाल होईपर्यंत! त्या दिवशी मंजिरीचा कुठे जरा डोळा लागला होता. तिची झोप मोडू नये म्हणून विहीणबाई बाळाला घेऊन ओसरीवर आल्या. जावई अजून कामावरच होते.

"व्याही, घरांतलं संपलं. कोपऱ्यावरून औषध आणाल?"

"आणतो की! नाव सांगा."

"नांव घेऊं नये."

"आं?"

"दिवे लागले. आतां नांव घेतलं की गुण जातो. दुकानांत 'पेर सोल्ला मरुंदु' म्हणा. नांव न घ्यायचं औषध. तो देईल."

"पण करतं काय ते?"

"जाळायचं, उगाळायचं. दोन घटकांत पोर गप निजतं. माझ्या पोरांना रोज हेंच. तुमचे जावई ह्याच्यावरच वाढले."

पूर्वी कामाला जाणाऱ्या बाया रडक्या पोरांना काय चाटवायच्या, ठाऊक आहे ना? अफू! नाव घ्यायचं नाही, दिवे लागल्यावर आणायचं, पोर गप! आणि जावई? जेवण झालं की बसल्या जागी पेंगतात. लग्नापासून मला वाटायचं, भातानं होत असेल!

पण विहिणीला तोंडावर काय बोलणार? लेक दिलीय. म्हटलं, दुकानातच रंगेहाथ पकडू.

दुकान झाडपाल्याच्या औषधांचं. पोती, बरण्या, साली, मुळ्या, आणि मध्ये कपाळभर भस्म लावलेला मालक. मी पाठ केलेलं म्हणून टाकलं. त्याने एका शब्दाने काही विचारलं नाही! खाली वाकला, कागदात काहीतरी गुंडाळलं, दोरा बांधला, पुढे सरकवलं.

"व्हॉट इज द नेम?" मी दरडावलं.

त्याने दिव्याकडे बोट दाखवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं.

झालं! आणखी काय पुरावा पाहिजे?

"अफू! ओपियम! पोलीस!" मला तमिळ येत नाही, पण पोलीस हा शब्द कुठेही चालतो. हा हा म्हणता माणसं जमली. आणि खरोखरच पोलीस हजर! म्हणजे तो आला नव्हता, माझ्या मागेच उभा होता. तो मालकाकडे वळून शांतपणे म्हणाला, "पेर सोल्ला मरुंदु." मालकाने त्यालाही तसलीच पुडी दिली.

"पोलीससुद्धा सामील!" मी किंचाळलो.

बिचाऱ्याने आपली पुडी सोडून माझ्या नाकाखाली धरली. "बेबी. गॅस," तो म्हणाला. मग दोन बोटं वर केली. "ट्विन्स."

आणि तो वास! अहो, वेखंड! साधं वेखंडाचं मूळ! न्हाऊ घातलं की बाळाच्या टाळूवर ज्याची पूड घालतात, पोटात वारा धरला की जे उगाळून लावतात, ते! पस्तीस वर्षं मी ते बरणीतून काढून तोलून दिलंय. माझी स्वतःची टाळू त्याच्यावर भरलीय!

पुडी घेऊन धावत सुटलो. ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच ओरडलो, "विहीणबाई! अहो, हे तर वेखंड!"

विहीणबाईंनी डोळे मिटले. "घेतलं नांव?"

"मराठीत घेतलं हो!"

"त्याला मराठी कळतं, व्याही. आमच्या घरांतलं आहे. जा, दुसरं आणा."

परत त्या दुकानात? त्यापेक्षा चालत कराड गाठलं असतं! आणि एकदम आठवलं. नातवासाठी बाळगुटीचा डबा आणला होता मी, तो बॅगेत तसाच पडलेला. उघडला. हिरडा, मुरडशेंग, जायफळ... आणि बोटाएवढं ते! म्हणजे दुकानात जायचीच गरज नव्हती मला!

मुकाट्याने, नाव न घेता, ते त्यांच्यापुढे धरलं. आणि दुकानातला सगळा पराक्रमही तिथेच सांगून टाकला. अफूसकट.

विहीणबाईंनी ऐकता ऐकता दिवा पुढे ओढला. मूळ दिव्यावर जाळलं, एरंडेलात सहाणेवर उगाळलं.

"पोटात द्यायचं?" मी भीत भीत विचारलं.

"छे! एवढ्याशा पोराला? बेंबीभोंवती लावायचं."

लावलं, हलक्या हाताने पोट चोळलं, आणि थोड्या वेळाने नातवाने त्या देहाला न शोभणारा आवाज काढला. मग हसला आणि झोपला.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "विहीणबाई, माफ करा मला. मंजिरीची आई असती तरी तिने याहून जास्त काय केलं असतं?"

"आजोबांनी नातवासाठी भांडूं नये, तर कोणी?" एवढंच म्हणाल्या, आणि बाळाला पाळण्यात ठेवलं. त्या बाईचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, सांगून ठेवतो.

तेवढ्यात मंजिरी डोळे चोळत बाहेर आली.

"सासूबाई, खिडकीतून शेजारची मामी सांगत होती. कुणी वेडा म्हातारा म्हणे दुकानात अफू, अफू, पोलीस, पोलीस करत नाचत होता. कोण हो तो?"

मी सहाणेकडे बघत बसलो. विहीणबाईंनी पाळण्याची दोरी काही थांबवली नाही.

"दिवे लागले ना, मंजिरी," त्या म्हणाल्या. "नांव घेऊं नये."