भोंडवेकाकांनी लावलेले खुनांचे कप्पे

विलास भोंडवे मूळचे रावेतचेच. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्यात मालाची तपासणी केली, आधी पिंपरीत, मग चाकणला. कंपनीच्या बसमध्ये बसले की खिशातून रहस्यकथा बाहेर. कव्हर फाटलेलं, शेवटची चार पानं गायब, तरी गडी रंगून जायचा. मग खुनी कोण यावर अख्खी बस भांडायची आणि चाकण येईपर्यंत चाळीस जणांना फाशी व्हायची. काय बहारीची मंडळी होती ती.

निवृत्त झाल्यावर काकांनी आपली चारशे पुस्तकं सोसायटीला दिली आणि क्लबहाऊसमागच्या खोलीत वाचनालय मांडलं. वर्षभर छान चाललं. मग काकांना व्यवस्था लावायची हुक्की आली.

कारखान्यात माल बिघडला तर कुणाला शिव्या घालायच्या नाहीत, पाच वेळा ‘का’ विचारायचं, अशी रीत असते. नट ढिला का? यंत्र हललं. यंत्र का हललं? असं खाली उतरत मूळ कारण गाठायचं. काकांनी हीच रीत खुनांना लावली. पुतण्यानं काकाला विष का दिलं? इस्टेटीसाठी. इस्टेट कशाला? धंदा बुडाला. धंदा का बुडाला? थोरल्या भावाहून मोठा मांडला. असं करत पाचव्या ‘का’ला इस्टेट बाजूला राहायची आणि थोरल्याबद्दलची जळफळ वर यायची. झालं, पुस्तक मत्सरात. दोन महिने खपून त्यांनी पाच कप्पे केले: हाव, सूड, मत्सर, अब्रू आणि भीती. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर कप्प्याचं नाव लिहिलेली रंगीत चिठ्ठी. वेडाला कप्पा नव्हता. “वेडा होता म्हणून मारलं, हा लेखकाचा कामचुकारपणा हाय,” काका म्हणत.

कप्पे लागले आणि वाचक आटले. सोसायटीची सेक्रेटरी तनुजा, हिंजवडीत नोकरीला, हळूच सांगायला आली. “काका, गेटवर पार्सलांचा ढीग लागतो. खोली तशीही रिकामीच असते. रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतेय.”

काका थेट चौथ्या मजल्यावर शालनबाईंकडे गेले. वय एकोणऐंशी, आठवड्याला तीन खून पचवणारी बाई, पण महिनाभर फिरकली नव्हती.

“तब्येत बरी हाय ना?”

“मला काय धाड भरलीय? बसा. खरं सांगू का, भोंडवे? मत्सराच्या कप्प्यातलं पुस्तक आणलं. घरात पाच माणसं. चौघं सुखात, धाकटी जाऊ तेवढी कुढत बसलेली. मग दोनशे पानं मी वाचायची कशाला?”

“म्हंजे माझ्या चिठ्ठीनं...”

“फोडलंत ना. तिकीट फाडणाऱ्यानं दारातच शेवटचा अंक सांगावा, तसं. तो गॅरेजवाला युसुफ काय म्हणतो ठाऊक आहे? काकांच्या वाचनालयात खुनी नंबरप्लेट लावून फिरतात.”

काका हसले नाहीत. जिन्यात बसून त्यांनी स्वतःलाच ‘का’ विचारायला सुरुवात केली. बाई का येत नाहीत? चिठ्ठीमुळे. चिठ्ठी का लावली? सोय म्हणून. कुणी मागितली होती का सोय? न्हाई. मग? कारखान्यात माल अडला की माणसं धावत यायची, ‘काका, तुमीच बघा’. इथं कुणी काही विचारायला येत नव्हतं. म्हणून सगळी हुशारी त्यांनी पुस्तकांच्या पाठीवर चिकटवली होती.

रविवारपर्यंत तीन दिवस होते. शालनबाईंना खुर्चीत बसवून काकांनी चिठ्ठ्या ओल्या फडक्यानं खरवडल्या. आता कप्पे गोष्टीच्या चालीवर लागले. घरातल्या घरात खून आणि हेर चहा पीत विचार करतो, ती एकीकडे. पोलीस दारोदार चपला झिजवतात, ती दुसरीकडे. कोर्टातली तिसरीकडे. आणि पहिल्याच पानावर खुनी आणि त्याचं कारण दोन्ही समजतं, पुढं सापडतो कधी एवढीच धाकधूक, त्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या.

मीटिंगमध्ये काका उभे राहिले. “वाचक मीच घालवले. कुणी विचारलं नव्हतं ते सांगून टाकलं. आता सुधारलंय. सहा महिने द्या, न्हाई जमलं तर पार्सलं मीच उचलून आत ठेवीन.”

“मी रोज जाऊन बसणार आहे,” शालनबाई म्हणाल्या. “पार्सलं माझ्या अंगावर ठेवायची असतील तर ठेवा.”

लोक हसले आणि सहा महिने मिळाले. तनुजानं जाता जाता वाचनालयात डोकावून पहिल्या कप्प्यातलं एक पुस्तक उचललं.

बुधवारी सकाळी काकांचा फोन वाजला. तनुजाची कॅब हिंजवडीच्या चौकात अडकली होती.

“काका, डॉक्टरनंच मारलंय ना? पण का मारलं ते कळेना. सांगा ना.”

त्या डॉक्टरचे पाचही ‘का’ काकांना तोंडपाठ होते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

“कितव्या पानावर हायेस?”

“एकशे बारा.”

“मग आधी तुला काय वाटतं, ते सांग.”