व्हिडिओत दिसणारी दोरी

"मॅडम, थे दोरी काढा नं. व्हिडिओत दिसून राहिली," प्रशांत घोडीवरून वाकून म्हणाला.

अकोल्यातला भर वस्तीतला रस्ता. पुढे डीजेचा ट्रक, मागे नाचणारी पोरं आणि त्यांच्यामागे फेटा बांधलेला हा नवरदेव. घोडी आमच्या क्लबची, मैना. तिच्या तोंडाच्या पट्ट्याला अडकवलेली दोरी माझ्या हातात होती.

"दोरी निघत नाही," मी म्हटलं. "पायजे तं तुमी उतरा."

मी अमरावतीत मोठ्या माणसांना घोडेस्वारी शिकवते. बँकवाले, शिक्षक, दुकानदार, सगळे चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे. लहानपणी राहून गेलेली हौस घेऊन येतात आणि घोड्याजवळ गेलं की घाम पुसतात. ग्रुपमध्ये शिकवायचं म्हणजे घोडे रिंगणात एकामागे एक चालवायचे. आमच्याकडे पुढे बादल, त्याच्यामागे मैना. वर बसलेल्याला वाटतं, घोडा आपण चालवतोय. खरं तर मैना बादलच्या शेपटीमागे चालते आणि माझा आवाज ऐकते. वरातीची घोडी वेगळी. तिला आधीपासून ढोल-फटाक्यांची सवय लावलेली असते, डीजेपुढेही ती पेंगत उभी राहील. मैनानं माझ्या ओरडण्यापेक्षा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता.

प्रशांत माझा विद्यार्थी, मैनावरच शिकलेला, बँकेत अधिकारी, मूळचा अकोल्याचा. बाकीचे नवरदेव घोडीवर नुसते बसतात, लगाम घोडीवाल्याच्या हातात. याला स्वतः लगाम धरून मांडवात जायचं होतं. मला कौतुक वाटलं होतं त्याचं. पडला की कपडे झटकून परत चढायचा. खोड एकच. घाबरला की दोन्ही हातांनी लगाम ओढायचा आणि टाचा पोटात रुतवायचा. म्हणजे ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम. घोड्यानं करायचं काय? प्रत्येक क्लासला सांगायचे, घाबरलात की हात सैल सोडा. तो मान हलवायचा.

लग्नाला मैनाच हवी, असं त्यानं परस्पर क्लबचे मालक रमेशभाऊंना सांगितलं. मी ऑफिसात जाऊन भांडले.

"भाऊ, वरातीची घोडी घ्या म्हणा त्याले. अकोल्यात पायजे तेवढ्या भेटतात."

"अन् तिच्यावर आपल्या क्लबचं नाव राहते काय? व्हिडिओ अख्ख्या वऱ्हाडात फिरन मॅडम."

"मंग बादलले तरी संगं पाठवा. थे एकटी कधी चालली नाही."

"लगन हाये थे. सर्कस नोहे."

शेवटी दोरी मी धरणार, या अटीवर मैना ट्रकमध्ये चढली.

पहिल्या चौकापर्यंत निभलं. क्लासमधलेच शब्द मी तिच्याशी बोलत होते आणि तिचे कान माझ्याकडे वळलेले होते. पण नुसत्या चालण्यानं तिची मान घामानं भिजली होती. त्यातच हे दोरीचं निघालं. मी ऐकत नाही म्हटल्यावर वरातीत आलेले रमेशभाऊ मागून पुढे आले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दोरीची कडी काढली.

"भाऊ, नका करू."

"घोडी माही हाये," ते म्हणाले आणि मला दंडाला धरून कॅमेऱ्याच्या बाहेर काढलं.

तेवढ्यात पेपर ब्लास्ट उडाला. चमकीचे कागद उडवणारं ते मशीन, आवाज तोफेचा. मैना जागीच थांबली. नुसती थांबली. तेव्हा हात सैल सोडला असता तरी पुरे होतं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "हात सोडा!" डीजेत कोणाला ऐकू येणार? प्रशांतनं लगाम छातीशी ओढला आणि टाचा रुतवल्या. ती मागे सरकली, डांबरावर नाल घसरले आणि ती मागच्या पायांवर बसत डिव्हायडरवर कोसळली.

प्रशांत मामा-काकांच्या अंगावर पडला. कोपर खरचटलं. सगळे त्याच्याभोवती, कोणी फेटा सरळ करतंय, कोणी पाणी देतंय. मैना उठली ती तीन पायांवर. थोड्या वेळानं डीजे परत सुरू झाला, नवरदेव कारनं मांडवात गेला. मी तिचं तोंड धरून रस्त्याच्या कडेला उभी होते. तिचं अंग थरथरत होतं.

मागच्या पायाची धोंडशीर तुटली होती. चालेल, पण माणूस पेलणार नाही, असं जनावरांचे डॉक्टर म्हणाले. रमेशभाऊ लोकांना सांगत फिरले की मॅडमनं घोडी नीट तयार केली नव्हती. एका सकाळी गेले तर तिची जागा धुऊन रिकामी.

"बाळापूरकडे देली एकाले," रमेशभाऊ म्हणाले.

"कायले? तिच्यावर तं कोणी बसू शकत नाही."

"तुमाले काय करा लागते?"

बसता न येणारं घोडं माणूस कापायलाच नेतो, हे या धंद्यात मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. त्या दिवशीचा क्लास मी घेतला. कसा घेतला, आठवत नाही.

पुढे प्रशांत आला, पेढे घेऊन, बायकोसोबत. "मॅडम, हिलेबी शिकाचं हाये. मले आपली मैनाच द्या, सवय झाली तिची."

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, काही न गाळता. तो पेढ्यांचा बॉक्स या हातातून त्या हातात करत राहिला. त्याची बायको खाली बघत होती. मग तो म्हणाला, "मंग आता मले कोनता घोडा?"

नव्या बॅचला पहिल्या दिवशी मी अजूनही तेच सांगते. घाबरलात की हात सैल सोडा. सगळे मान हलवतात. प्रशांतनंही हलवली होती.