आवाज बंद ठेवून खेळणारे काका

अचलपूर-अमरावती बसमध्ये ते बहुतेक रोज माझ्या शेजारी असत. फौजेतून निवृत्त झालेले, पन्नाशीचे. नाव मी कधी विचारलं नाही. बसल्याबरोबर मोबाइल छातीशी धरून लढाईचा गेम लावत आणि कुठल्या कुठल्या अनोळखी पोरांसोबत एका तुकडीत खेळत. आवाज मात्र बंद.

"आवाज काहून बंद ठेवता, काका?"

"लय खरा करून ठेवला या गेमवाल्यायनं."

त्यांची तुकडी हमखास हरायची. साथीदार गोळी लागून पडला, की काका आडोसा सोडून सरपटत त्याला उठवायला जात आणि स्वतःही मरत. बाकीची पोरं पडद्यावर शिव्या लिहीत.

एकदा मला राहवलं नाही. "कायले जाता, काका? पुढच्या डावात तो जित्ता होतेच ना."

त्यांनी मान वर केली नाही. अंगठा जखमी साथीदाराच्या दिशेनं सरकत राहिला.

"खऱ्या वेळेस मले जाऊ नाही देल्लं," ते म्हणाले. "मागं फिरायचा हुकूम होता."

पडलेला गडी उठला आणि वळूनही न पाहता पळाला. काका त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात कुणीतरी त्यांनाच टिपलं. त्याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.