पडद्यावरच्या जंगलाचा पंचनामा

सिनेमा कुणासोबतही पाहावा. रडणाऱ्या बाळासोबत पाहावा, घोरणाऱ्या सासऱ्यासोबत पाहावा, थेटरात फोनवर मोठमोठ्यानं भाव ठरवणाऱ्या अनोळखी माणसाला खेटून पाहावा. पण निवृत्त वनपालासोबत चुकूनही पाहू नये. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. कुरखेड्यात माझ्या घरापासून दोन घरं सोडून असा एक माणूस राहतो आणि दुर्दैवानं तो माझा मित्र आहे. मी इथल्या शाळेत मराठी शिकवायचो, तो फॉरेस्टात राउंड, म्हणजे जंगलाचा एक पट्टा, सांभाळायचा. वर्षभराच्या अंतरानं दोघंही निवृत्त झालो. त्याच सुमारास माझ्या मुलानं पुण्याहून भिंतभर टीव्ही पाठवला आणि माझ्या म्हातारपणाच्या सुखाचं वाटोळं झालं. दुपारचं जेवण आटोपून मी जरा लवंडतो न लवंडतो तोच फाटक वाजतं. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी आमच्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून (घरात आणायची नाही, असा आमच्या हिचा कायदा आहे) तो आत येतो, माझी खुर्ची धरतो, रिमोट हातात घेतो आणि म्हणतो, "हं मास्तर, आज कोणतं जंगल?"

कोणता सिनेमा, असं तो कधीच विचारत नाही. कारण सिनेमातली माणसं त्याला दिसतच नाहीत. त्याला झाडं दिसतात. एकदा पडद्यावर नायिकेचा धाकटा भाऊ तिच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडत होता. माझा रुमाल भिजला होता, हिनं डोळ्यांना पदर लावला होता. यानं चित्र थांबवलं, चष्मा कपाळावर सरकवून टीव्हीपाशी गेला आणि मरणाऱ्याच्या डोक्यामागे बोट टेकवून म्हणाला, "हे निलगिरी हाय. गोष्ट आपल्या गडचिरोलीची सांगून राह्यले आन् झाड निलगिरीचं! मोह नाई, ऐन नाई, तेंदू नाई. मंग हा पोरगा मेला कुठी?"

"अहो भाऊ, तो मेला हे महत्त्वाचं, का कुठी मेला ते?"

"पंचनाम्यात पयले हद्दच लिवा लागते मास्तर."

आमच्या मैत्रीला वीस वर्षं झाली, पण अजून अहो-जाहो सुटलेलं नाही. भांडण कितीही पेटलं तरी आम्ही एकमेकांना मान देऊनच अपमान करतो. आणि भांडण रोजचंच. नायक मे महिन्याच्या उन्हात घामाघूम होऊन पळत असतो आणि हा ओरडतो, "मे महिन्यात सागाले पान? आपल्या इकडं तं तेव्हा नुसते खांब उभे राह्यतात!" वाघ झडप घालण्याआधी डरकाळी फोडतो, तेव्हा हा कपाळावर हात मारतो. "वाघ का हॉर्न वाजवत येते जी?" पक्षी चुकीच्या वेळी ओरडतो, नाल्याचं पाणी चढाकडे वाहतं, सकाळच्या प्रसंगात सावल्या संध्याकाळच्या असतात. अशा सगळ्या तक्रारींची दखल घेत घेत दीड तासाचा सिनेमा आम्ही चार तासांत पार पाडतो. शेवट येईपर्यंत सुरुवातीला कोण कुणाचा भाऊ होता, ते मला आठवत नाही.

बरं, त्याचं सगळंच चुकत असतं तर मी सहन केलं असतं. पण एका खुनाच्या मालिकेत खुनी कोण हे त्यानं पहिल्याच भागात सांगून टाकलं, कारण त्या माणसाच्या बुटाला लाल माती होती आणि बाकी सगळ्यांच्या बुटांना काळी. पुढचे नऊ भाग मी केवळ तो खोटा पडावा म्हणून पाहिले. तो खोटा पडला नाही. दहाव्या भागानंतर तो काही बोललाही नाही, नुसता सुपारी कातरत राहिला. ते बोलण्याहून वाईट होतं. आमच्या हिची तर एक मालिका त्यानं कायमची मारली. चार वर्षं ही ती भक्तिभावानं पाहत होती. हा सहज म्हणून बसला आणि म्हणाला, "वहिनी, ती सून रोज पाणी घालते ना, ते तुळस प्लास्टिकची हाय." बस. त्या दिवसापासून हिला सून दिसेना, सासू दिसेना, फक्त तुळस दिसू लागली. आठवडाभर तिनं तग धरला आणि मग मालिका सोडली. त्या बदल्यात तिनं त्याला महिनाभर बिनसाखरेचा चहा दिला, तोही त्यानं तक्रार न करता प्यायला.

एका मालिकावाल्यांना त्यानं पत्रसुद्धा लिहिलं होतं. मला दाखवायला आणलं, शुद्धलेखन तपासा म्हणून. 'विषय : मालिकेत दर्शविलेल्या चुकीच्या वृक्षप्रजातीबाबत.' खाली चार पानं 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर' वगैरे, आणि पुरावा म्हणून तेंदूचं एक वाळलेलं पान पाकिटात घातलेलं. मी म्हणालो, "भाऊ, गोष्ट बघा ना हो. भावना बघा. बाई किती सुंदर रडते!" तेव्हा तो म्हणाला, "भावना पाहूनच राह्यलो ना मास्तर. पण ज्या झाडाले धरून ते बाई रडते, ते झाडच खोटं हाय. मंग ते रडणं कायले धरून हाय?" मी चिडून शुद्धलेखनाच्या सतरा चुका काढल्या. खरं तर अकराच होत्या.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बाजूच्या जंगलावर एक सिनेमा आला. मोबाईलवर त्याची झलक पाहून हा भर दुपारी धावत माझ्याकडे आला. "मास्तर, साग खरा हाय! फुलं येचासाठी मोहाखाली जमीन साफ केलेली दाखवली. कोणीतरी जाणता माणूस हाय त्याइच्यात. हा मोठ्या पडद्यावरच पाहा लागते." मोठा पडदा म्हणजे चंद्रपूर. पहाटेची एसटी, गडचिरोलीला गाडी बदलायची, एकूण चार तास. मी कुरकुरत तयार झालो. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मुलगी पाहायला निघाल्यासारखा.

बाराच्या खेळाला आम्ही बसलो आणि पहिली वीस मिनिटं मी चक्क सिनेमा पाहिला. हा गप्प होता. मधेच कोपरानं ढोसून म्हणायचा, "नाल्याच्या काठी अर्जुन पाह्यला का? बराबर!" त्याचा चेहरा पडद्याच्या उजेडात असा खुलला होता की मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी याला एक सिनेमा आवडला, आता माझी सुटका.

मग पडद्यावर नाकेदार आला. नाकेदार म्हणजे आमच्याकडे जंगलाचा शिपाई, वनरक्षक. सिनेमातला नाकेदार ढेरपोट्या होता, बोलताना अडखळायचा. कुठेतरी झुडूप हललं आणि तो वाघ वाघ करत झाडावर चढला. चढताना फांदीत अडकून त्याची पॅन्ट खाली राहिली. अख्खं थेटर हसलं. मीही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. डोळे पुसून पाहतो तर शेजारची खुर्ची रिकामी.

मला वाटलं, लघवीला गेला असेल. इंटरव्हल झाला तरी पत्ता नाही. चहाच्या टपरीवर पाहिलं, पानठेल्यावर पाहिलं, शेवटी ऑटो करून बसस्टँडवर गेलो. तो बाकावर बसला होता.

"भाऊ, काय झालं? तब्येत?"

"तब्येत मस्त हाय."

"मग उठून काऊन आले?"

तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुमी हासले मास्तर."

एवढं ऐकलं आणि मला कळलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्याच्या हाताखालचा एक नाकेदार अस्वलाच्या हल्ल्यात गेला होता. हा तेव्हा सोबत होता. त्या माणसाला पाठीवर घेऊन हा रस्त्यापर्यंत आला, जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला, आणि दवाखाना यायच्या आत सगळं संपलं. अख्ख्या कुरखेड्याला हे ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. तरी मी हसलो होतो. आणि चूक आपली आहे हे कळलं की मला जसा नेहमी राग येतो, तसा तो आला. मी एसटीत बसल्या बसल्या सुरू केलं. "अहो, तो सिनेमातला नाकेदार आहे, तुमचा नाही. इतके दिवस सिनेमात सगळं खोटं म्हणून बोंबलता, मग हाही खोटाच समजा की!"

"तेच तं ना," तो म्हणाला. "साऱ्या सिनेमांत झाडं खोटी राह्यतात, म्हणून कोणी मनावर घेत नाई. ह्याच्यात झाडं खरी हायेत. लोक नाकेदारही खराच समजतीन."

त्यानंतर कुरखेडा येईपर्यंत तो खिडकीबाहेरची झाडं पाहत राहिला. गडचिरोलीला गाडी बदलली, तेव्हा त्यानं माझी पिशवी मात्र उचलून घेतली.

पुढचे तीन महिने फाटक वाजलं नाही. सुरुवातीला मी स्वर्गात होतो. दीड तासाचा सिनेमा दीड तासात संपायचा. कोण कुणाचा भाऊ ते शेवटपर्यंत लक्षात राहायचं. पण सिनेमा संपला की मी टीव्हीसमोर तसाच बसून राहायचो. चांगला होता का वाईट, हे मला ठरवता येईना. आजवर त्यानं वाईट म्हटलं की मी चांगलं म्हणायचो. आता वाईट म्हणणारंच कुणी नव्हतं. ही चहा देताना एकदा म्हणाली, "जाऊन या ना त्यांच्याकडे. तो सिनेमावाला येईल का माफी मागायला?" मी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढून ठेवल्या.

पोळा झाला. दोन दिवसांनी सकाळीच मोटरसायकलचा हॉर्न वाजला. हा बाहेर उभा. "बसा मागं," म्हणाला.

"कुठी जायचं?"

"बसा ना जी."

तासभर धानाच्या बांध्या आणि जंगल ओलांडून आम्ही एका खेड्यात पोचलो, तेव्हा मला उलगडलं. त्या गेलेल्या नाकेदाराची बायको तिथे राहते. पोळ्यानंतर हा दरवर्षी तिला भेटून येतो. इतक्या वर्षांत मला कधी सोबत नेलं नव्हतं. आज का नेलं, हे त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बहुधा मला लाज वाटावी, असाच त्याचा विचार असावा. ती वाटतच होती.

बाई पन्नाशीच्या. अंगणवाडीत कामाला. अंगण सारवलेलं, भिंतीला टेकून खाट. आम्हाला खाटेवर बसवून त्यांनी चहा आणला, पोरीला दवाखान्यात नोकरी लागल्याचं सांगितलं, यंदा धानाची रोवणी बरी झाल्याचं सांगितलं, आणि मग पाटावर बसत एकदम म्हणाल्या, "साहेब, तुमी तो सिनेमा पाह्यला का? नाकेदाराचा?"

मित्राचा कप ओठांपाशीच थांबला. मी जमिनीकडे पाहायला लागलो.

"पोरीनं मोबाईलवर दाखवला," बाई म्हणाल्या. "तीनदा पाह्यला मी. हासून हासून पोट दुखलं साहेब. आमचे हे अस्सेच तं होते! तुमाले का सांगू, तुमी तं त्याइच्या संगच काम केलं. तो बैल अंगावर आल्ता, तवा झाडावर चढून बसले, आन् मंग उतरताच ये ना. साऱ्या गावानं शिडी लावून उतरवलं."

मित्रानं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "बैल नोहता बाई. गाय होती. मले पयले बैल म्हणून सांगितलं त्यानं. रिपोर्टमधी मी बैलच लिवला."

बाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. तोही हसायला लागला, आधी नुसतेच खांदे हलत होते, मग मोठ्यानं. आणि हसता हसता त्यानं चष्मा काढून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मी हसावं की नाही, ते मला कळेना. त्यानंच माझ्या पाठीवर थाप मारली. "हासा ना मास्तर."

"आन् शेवट कसा वाटला?" बाईंनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "आमी अर्धाच पाह्यला," तो म्हणाला.

"अगो माय!" म्हणत बाई सरसावून बसल्या आणि त्यांनी उरलेला सिनेमा सांगितला. हातवारे करून, आवाज बदलून, अर्धा तास. नायक-नायिकेचं काय झालं ते त्यांनी एका वाक्यात उरकलं. सांगितला तो सगळा नाकेदाराचाच सिनेमा. तो एकटाच जंगलात हरवतो. दोन दिवस सापडत नाही. सारे म्हणतात, गेला. बायको रडून रडून थकते. "आन् मंग साहेब, तो येते. चालत येते, फाटक्या कपड्यानं. दारात उभा राह्यते आन् बायकोले म्हनते, 'जेवाले काय हाय?'"

बाई थांबल्या. उरलेला चहा निवून गेला होता. त्यांनी सवयीनं पदरानं कपाचा कान पुसला.

"पुन्हा सांगा ना बाई," माझा मित्र म्हणाला. "तो येते, तिथून."